शिकारीच्या रानापासून परड्यापर्यंत

कोल्हापूर परिसरात रानात मुक्काम ठोकून पशुपक्षी पाहण्याची रीत शिकारीतून आली. संस्थानकाळात रानात राहुट्या पडत त्या शिकारीसाठीच. छत्रपती शाहू महाराज (राज्यकाल १८९४ ते १९२२) कसलेले शिकारी होते; घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. शहराबाहेर सोनतळी येथे त्यांचा कॅम्प असे आणि तिथला साधा मुक्काम त्यांना राजवाड्याइतकाच मानवत असे.

काळविटांवर चित्ता सोडणे हा या संस्थानचा खास शौक. शिकारी चित्त्याचे डोळे झाकून त्याला गाडीतून माळावर नेत आणि कळप टप्प्यात आला की सोडत. चित्त्याची धाव वेगवान, पण दम थोडा. त्यामुळे कळप न बुजवता गाडी किती जवळ न्यायची, यातच चित्तेवानाचे कसब. पाळीव चित्त्यांना सहसा पिल्ले होत नसत, म्हणून शिकारीसाठी लागणारा जवळपास प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणावा लागे. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूरने भावनगरप्रमाणेच आफ्रिकेतून चित्ते मागवले. राजाराम महाराजांच्या काळातही (१९२२ ते १९४०) ही शिकार चालू होती. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे माळराने शेतीखाली जाणे आणि बंदुका ही कारणे होतीच, पण दरबारी हौसेचाही त्यात वाटा होता.

पक्ष्यांची खरी जाण मात्र दरबारापेक्षा फासेपारध्यांकडे होती. तित्तर आणि लावे फाशात पकडायचे तर त्यांच्या चरण्याच्या जागा, पाण्यावर येण्याच्या वेळा आणि नर-मादीची साद हे सारे पक्के ठाऊक असावे लागते. पारधी हुबेहूब आवाज काढून पक्ष्याला जवळ बोलावत. ब्रिटिश अमदानीत या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. शाहू महाराजांनी त्यांना सोनतळीच्या परिसरात वसवले, कामे दिली आणि १९१८ मध्ये अशा जमातींची रोजची हजेरी बंद केली. निरीक्षणाच्या इतिहासात पुस्तके लिहिणाऱ्यांची नावे राहिली; या माणसांचे ज्ञान तोंडी होते, ते बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेले. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गवळी धनगरांचेही तसेच.

संस्थानिकांची राखीव शिकारीची राने कोल्हापूरच्या पश्चिमेला, भोगावतीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला होती. इतरांना शिकारीची आणि तोडीची मनाई असल्यामुळे तिथले जंगल टिकले. हेतू स्वार्थी असला तरी फळ चांगले मिळाले, असे म्हणणे भाग आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा मुंबई राज्याचा कायदा आला आणि १९५८ मध्ये दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुने अभयारण्य म्हणून त्याची ओळख आहे. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने हौसेच्या शिकारीवर कडक निर्बंध आणले. १९८५ मध्ये अभयारण्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कोयना, चांदोली आणि कास यांच्यासोबत राधानगरीही आहे.

त्यानंतर त्याच रानात मुक्कामाला येणारे लोक बदलले. खांद्यावरची बंदूक जाऊन गळ्यात दुर्बीण आली. सावराई सड्यासारख्या जांभ्याच्या पठारावर सकाळ-संध्याकाळ गवे चरायला येतात. शेकरू, धनेश, कर्णा आणि पहाटे शीळ घालणारा पर्वत कस्तूर ही इथली मोठी आकर्षणे. पावसापूर्वीच्या आठवड्यांत राधानगरीला काजवे पाहायला गर्दी होते. पुस्तकांचाही यात हातभार लागला. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये निघाले, तर मराठी वाचकाला रानाची गोडी लावली मारुती चितमपल्ली यांनी. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो तो या दोघांच्या जन्मदिवसांना धरून.

या छंदाला सर्वांत चिकाटीने धरून राहतात ती निवृत्त जोडपी, कारण पक्षी पाहायला पहाट आणि सवड दोन्ही लागतात. हिवाळ्यात चार दिवस राधानगरीला तंबूत किंवा विश्रामगृहात राहायचे, एरवी रंकाळा आणि कळंबा तलावाकाठी फेरी मारायची, आणि उरलेला काळ घरामागच्या परड्यात पाहायचे. परड्याला कमी लेखण्याचे कारण नाही. जास्वंदीवर शिंजीर, रुंद पानांना टाके घालून खोपा करणारा शिंपी, उंबरावर तांबट, कुंपणालगत सातभाई आणि भारद्वाज, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून धोबी असे पक्षी एकाच जागी वर्षभर पाहत राहिले की ऋतूंप्रमाणे होणारे बदल नोंदता येतात. अभयारण्यातल्या दोन दिवसांत ते जमत नाही. परसातल्या पक्ष्यांची दर फेब्रुवारीत चार दिवस होणारी गणना अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाली. २०१३ मध्ये ती जगभर खुली झाली, तेव्हापासून भारतातील निरीक्षकही तिच्यात नोंदी करतात.

पावसाळ्यात दाजीपूरचे रान पर्यटकांसाठी बंद असते. नेमक्या त्याच महिन्यांत गावोगावी विहिरीकाठच्या बाभळींवर सुगरणींचे खोपे विणले जातात आणि शिंप्याची वीण भरात असते. ती पाहायला परवाना लागत नाही. मात्र घरट्याजवळ वारंवार गेल्यास पक्षी ते सोडून देऊ शकतात, म्हणून निरीक्षण लांबूनच करावे.