नाथांची अर्जदास्त

श्रीएकनाथ महाराजांच्या काळी पैठण निजामशाहीच्या मुलखात मोडत असे. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले, तेव्हापासून दख्खनच्या दरबारांत फारसीचे वर्चस्व होते. रयतेच्या घरात मराठी. कचेरीत मात्र अर्ज, हुकूम, तलब, जमाबंदी. हे शब्द कुणब्यास कोणी शिकविले नाहीत. सारा भरताना ते त्याच्या कानी पडत, आणि बहुधा धाक घेऊनच पडत.

नाथांस ही कचेरी जवळून ठाऊक होती. त्यांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, आणि हिशेबातील एका पैच्या चुकीची कथा तर भाविकांस मुखोद्गतच आहे. म्हणूनच 'अर्जदास्त' हे त्यांचे भारूड इतके चपखल उतरले. सरकारी अर्जाचा मायना जसाच्या तसा. पण परगणा शरीराचा, शेकदार जीव, कारकून बुद्धी. मन, ममता, क्रोध हे गावचे वतनदार होऊन वसुलीस आडवे येतात. तोच यमाची तलब येऊन धडकते! तलब म्हणजे काय, हे वेदान्त न वाचलेल्या श्रोत्यास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास राजव्यवहारकोश सिद्ध झाला व फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले गेले. स्वराज्याची ती गरज होती. नाथांपुढील श्रोता निराळा, म्हणून त्यांचा मार्गही निराळा. त्यांच्या भाषेस कोणी भ्रष्ट म्हणेल तर तो त्यांच्या हेतूवर अन्याय होईल.

'हिंदु-तुर्क संवादा'त हा हेतू अधिक स्पष्ट दिसतो. येथे तुर्क आपल्या दख्खनी हिंदुस्थानी वळणाने बोलतो, ब्राह्मण मराठीत उत्तर देतो. दुभाषा कोणीच नाही. दोघेही परस्परांच्या देवाधर्मावर बोट ठेवतात, आणि तेही मुळीच हातचे न राखता. तुर्कास पुराणांतील कथा माहीत आहेत. ब्राह्मणासही समोरच्याचे आचार ठाऊक आहेत. अज्ञानातून झालेले हे भांडण नव्हे, शेजारातून झालेले आहे. गोडगोड बोलून नाथांनी तंटा झाकला असता, तर दोन्हीकडच्या श्रोत्यांनी तो संवाद खोटा मानला असता. शेवटी ब्राह्मण वाद जातिधर्मावरून वाढला असे म्हणतो, तुर्क ते मान्य करतो, आणि दोघे एकमेकांस आलिंगन देतात.