मूळ साधनें, जंत्री व शाळेंतील इतिहास

शाळेंत इतिहास कसा शिकवितात, याविषयीं संशोधकांच्या त्रैमासिकांत सहसा लिहिलें जात नाहीं. संग्राहकांचें लक्ष रुमालांकडे, संपादकांचें पाठभेदांकडे. शाळा ही क्रमिक पुस्तकांची वांटणी, असें सर्वांनींच धरून ठेविलें आहे. परंतु आपण जे कागद जिवापाड जपतों ते पुढें वाचणार कोण, हा प्रश्न शाळेंतच सुटावयाचा आहे. ज्या मुलानें मोडीचें एक पत्रही कधीं न्याहाळलें नाहीं, तो मोठेपणीं माळ्यावरचें दप्तर रद्दींत घालील, यांत नवल तें काय? साधनें मुलांपुढें ठेवितां येतात काय, आणि ठेविलीं तर त्यांपासून ज्ञान होतें कीं नुसतें कौतुक, याविषयीं अध्यापनाच्या अनुभवावरून कांहीं लिहावयाचें योजिलें आहे.

उदाहरणास सर्वांच्या परिचयाची एकच तिथि घेतों. शिवछत्रपतींचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला, असें आजचीं पुस्तकें सांगतात, व शिवजयंतीची सरकारी सुटीही त्याच दिवशीं असते. मुलें हें पाठ करितात. मीं नवव्या इयत्तेंत ही तारीख न सांगतां तिचीं साधनें वर्गापुढें ठेवीत असें: जेधे शकावलींतील नोंद, कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांतील जन्मवर्णन, एका उत्तरकालीन बखरीचें पान, आणि जंत्री.

शकावलीची नोंद प्रथम. कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरांतील ही शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, व पुढें १९२५ सालीं आपटे-दिवेकरांच्या शिवचरित्रप्रदीपांत तिला स्थान मिळालें. जन्माच्या नोंदींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार व हस्त नक्षत्र हीं सर्व अंगें आहेत. शकांत ७८ मिळवावे हें सूत्र मुलांस पाठ असतें. त्यामुळें फलकावर पहिल्यानें १६२९ हाच आंकडा उमटतो. मग जंत्री उघडावी. फाल्गुन हा शकाचा शेवटला महिना, तो येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेलें असतें, म्हणून येथें ७९ मिळवावे लागतात, हें मूल स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतें. सूत्र सांगून जें साधत नाहीं तें पान उलटून साधतें.

खरी मौज वारापाशीं आहे. गणिताची आवड असलेले विद्यार्थी हल्लींच्या दिनदर्शिकेवरून मागें मोजीत जातात, तों १९ फेब्रुवारी १६३० रोजीं मंगळवार येतो. शकावली तर शुक्रवार म्हणते. वर्गांत दोन तट पडतात. एक म्हणतो नोंद खोटी, दुसरा म्हणतो गणित चुकलें. वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन गणनेची. इंग्रजांनीं सुधारलेली ग्रेगरियन गणना १७५२ सालीं घेतली व त्या वर्षीं ११ दिवस गाळले. सतराव्या शतकांत हें अंतर १० दिवसांचें होतें. नव्या गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० होतो, आणि त्या दिवशीं शुक्रवारच येतो. पोर्तुगालनें नवी गणना १५८२ सालींच स्वीकारली असल्यामुळें एकाच प्रसंगाविषयीं सुरतेचा इंग्रज व गोव्याचा पोर्तुगीज यांच्या कागदांत दहा दिवसांचा फरक कां पडतो, हेंही येथेंच उलगडतें. शिवाय त्या काळीं इंग्रजांचें कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. तेव्हां तो फेब्रुवारी त्यांच्या लेखीं १६२९ चाच. हें ऐकून फलकावर १६२९ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास जो हर्ष झाला तो अगदींच अनाठायीं होता, पण मीं तो हिरावून घेतला नाहीं.

शिवभारत १९२७ सालीं दिवेकरांनीं छापून काढलें. संस्कृत घेतलेल्या मुलांना त्यांतील शक वाचावयास द्यावा. तो अंकांनीं नव्हे, शब्दांनीं सांगितला आहे: भूमि एक, बाण पांच, प्राण पांच, चंद्र एक. अशा शब्दांकांत एकम् स्थानचा अंक आधीं येतो, म्हणून संख्या डावीकडे वाढवीत जावयाची. हा शक मात्र उलट वाचा, सुलट वाचा, १५५१ च राहतो! नियम समजला कीं नाहीं याची परीक्षा त्यावर घेतां येत नाहीं. तीस सुहूर सन बरा. पेशवाईच्या पत्रांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असें येतें: एक, साठ, शंभर व हजार, म्हणजे ११६१. येथेंही एकम् स्थान प्रथम. हें वर्ष मृगापासून सुरू होतें, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या पत्रास ५९९ व जानेवारीपासून पुढें मृगापर्यंतच्या पत्रास ६०० मिळवावे. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा संग्राम याच सालांतला. अरबी अंकांस भिणारीं मुलें आपल्या शब्दांकांशीं त्यांचें साम्य दिसतांच निर्भय होतात.

आतां बखर. चिटणिसांच्या बखरींत व इतर कांहीं उत्तरकालीन लेखांत जन्म शके १५४९, वैशाखमासीं सांगितला आहे, व महाराष्ट्रांत पुष्कळ काळ तेंच प्रचलित होतें. मुलें उत्साहानें संवत्सर ताडून पाहतात. शके १५५१ चा शुक्ल जुळतो. पण शके १५४९ चा प्रभवही जुळतो. येथें जंत्री मुकी होते. कोणतीही तपासणी कोठवर बोलते व कोठें थांबते, हें शिकविण्यास यापरतें चांगलें स्थळ मला ठाऊक नाहीं. ‘बखरी अधिक आहेत, म्हणून १५४९’ असा एकाचा युक्तिवाद होता. एकमेकींवरून उतरलेल्या चार बखरी म्हणजे चार साक्षी नव्हेत, एवढें त्याला दाखवावें लागलें. परमानंद हा महाराजांच्याच काळचा कवि. चिटणिसानें लिहिलें तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं. सभासद काळानें जवळचा, पण तो जन्मतिथि देतच नाहीं. त्याच्या मौनाचा कौल कोणत्याही पक्षानें आपल्याकडे ओढूं नये. काव्य आणि शकावली हे दोन भिन्न जातींचे लेख एका तिथीस येतात, व दूर जोधपुरास सांपडलेली कुंडली त्यांस दुजोरा देते. निकाल शके १५५१ कडे झुकतो तो या कारणानें. तारखेपेक्षां हें कारण विद्यार्थ्याच्या वहींत उतरलें पाहिजे.

कोशांविषयीं थोडकेंच. मोल्सवर्थचा कोश व माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) हे दोन तरी वर्गांत असावेत. मुलें अडतात तीं अनोळखी शब्दांशीं नव्हे. ओळखीचे शब्दच त्यांना फसवितात. ‘मौजे मजकूर’ म्हणजे सदरहू गांव. आजचें मूल मजकूर म्हणजे लिखाण समजतें. ‘कैफियत’ म्हटलें कीं त्यास गाऱ्हाणें दिसतें. जुन्या कागदांत ती हकीकतीचें निवेदन असते. म्हणून जो शब्द आपणांस येतो असें वाटतें तोच आधीं कोशांत पाहावा, असा माझा वर्गांत दंडक असे.

संग्राहकांजवळ मागणें फार नाहीं. मूळ पत्रें शाळेंत पाठविण्याची जरूरी नाहीं, आणि मुलांच्या हातांचा विचार करितां तें इष्टही नाहीं. स्वच्छ छायाचित्र पुरे. मात्र तें संपूर्ण पत्राचें असावें. वरचा मायना, शेवटची मोर्तब व पाठीवरचा शेरा कापून केवळ मधल्या ओळी देण्याची संवय पुष्कळांस आहे, त्यामुळें पत्र कोणाचें, कोणास व केव्हांचें हें ठरविण्याचें साधनच नाहींसें होतें. आणि बाळबोध प्रत बरोबर जोडूं नये. ती आठवडाभरानें पाठवावी. तोंवर मोडीशीं झटलेलें मूल तुमच्या वाचनांतील दोनचार अक्षरांवर शंका घेईल, व त्यांतील एखादी खरीही निघेल.