कोरडवाहू शेतीची ‘मुंबई पद्धती’ : एक पुनर्विचार

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत पसरलेल्या अहमदनगर, सोलापूर, विजापूर या जिल्ह्यांचा अर्वाचीन आर्थिक इतिहास पुष्कळ अंशी दुष्काळांचा इतिहास आहे. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी येथील शेतीची दुर्बलता उघड केली. शासनाने त्यावर प्रारंभी दोन उपाय योजले : दुष्काळी कामे आणि कालवे. परंतु १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यासारख्या योजनांचे पाणी मर्यादित पट्ट्यापलीकडे जाणे शक्य नव्हते. उरलेल्या विस्तीर्ण जिराईत भूमीचे काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला. ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ या नावाने प्रसिद्ध झालेली शेतीपद्धती हे त्या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर होय.

या पद्धतीचे मूल्यमापन करताना तिच्यापूर्वीची देशी शेती ध्यानात घेणे अवश्य आहे. सोलापूरकडील पाऊस पावसाळ्याच्या आरंभी व पुन्हा सप्टेंबरात पडतो. मधला काळ बेभरवशाचा असतो. म्हणून भारी काळ्या जमिनी खरिपात पड ठेवून, कुळवाच्या पाळ्या देऊन, त्यांत ओल साठवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाभरीने शाळू पेरायचा, असा क्रम रूढ होता. पेरणीचा क्षण शेतकरी पंचांगावरून जितका ठरवी, तितकाच वाफशावरून ठरवी. माती हाताला चिकटत नाही, पण फुटूनही जात नाही, ही मृत्तिकेची नेमकी अवस्था दर्शविणारा ‘वाफसा’ हा एकच शब्द या शेतीमागील दीर्घ निरीक्षणाची साक्ष देतो.

१९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू संशोधनास प्रारंभ केला; पुढे ते एन. व्ही. कानिटकर यांनी वाढविले. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कृषिसंशोधन परिषदेने १९३३ पासून सोलापूर व विजापूर, आणि त्यानंतर हगरी, रायचूर व रोहतक येथे केंद्रे उघडली. या प्रयोगांतून सिद्ध झालेली पद्धती थोडक्यात अशी : शेतात बांध घालून पाणी अडवावे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पेरणीपूर्वी कुळवाच्या पाळ्या वाढवाव्यात, बी कमी वापरून दोन ओळींतील अंतर वाढवावे, आणि पीक उभे असता वारंवार कोळपून भेगा बुजवाव्यात. यातील बहुतेक क्रिया शेतकऱ्यास अपरिचित नव्हत्या. नवीन होते ते त्यांचे मोजमाप आणि एकत्रीकरण. दाट पेरणीची सवय मोडून विरळ पेरणीचा केलेला पुरस्कार मात्र खरोखर नवा होता. रब्बी ज्वारीसाठी आजही ४५ सेंटिमीटर अंतराची शिफारस केली जाते, ती त्याच विचाराचा वारसा सांगते.

तथापि या पद्धतीचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. त्याचे खापर पुष्कळदा शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडले गेले. वस्तुस्थिती निराळी होती. प्रयोगकेंद्रांवर उत्पन्नातील वाढ साधारणतः १५ ते २० टक्के दिसून आली. परंतु मूळ उत्पन्न हेक्टरी २०० ते ४०० किलोग्रॅम इतकेच होते. म्हणजे हाती येणारी वाढ ३० ते ८० किलोग्रॅमची. तेवढ्यासाठी खोल नांगरटीस अधिक बैल, खताच्या गाड्या आणि कोळपणीस मजुरी लागे. उलट एका सप्टेंबरातील पाऊस चुकला की होणारे नुकसान या वाढीच्या कितीतरी पट असे. कर्जबाजारी कुटुंबाने हा हिशेब मांडला, तर त्यास अज्ञान म्हणता येत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. याच कानिटकरांनी डॉ. हॅरल्ड मॅन यांच्यासह पुणे जिल्ह्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची आर्थिक पाहणी केली होती व ती १९२१ साली प्रसिद्ध झाली होती. शेतकऱ्याचा जमाखर्च त्यांना चांगला ठाऊक होता. परंतु प्रयोगकेंद्राच्या रचनेत त्या जमाखर्चाला स्थान नव्हते. तेथे ओल, माती आणि पीक यांचेच माप घेतले जात होते.

बांधांच्या बाबतीत ही विसंगती अधिक स्पष्ट होते. शेतकऱ्याच्या भाषेत ‘बांध’ म्हणजे प्रथमतः हद्द. तंत्रज्ञाच्या भाषेत तो पाण्याचा अडसर. समपातळी बांध उताराला आडव्या, समान उंचीच्या रेषेने जातो, मालकीच्या रेषेने जात नाही. लहान खातेदाराच्या शेताचे त्यामुळे तुकडे होतात. १९४२ च्या मुंबई भूमिसुधार योजना कायद्याने संपूर्ण क्षेत्राची योजना एकत्रितपणे राबविणे शक्य केले, आणि पुढे बांधबंदिस्ती हे दुष्काळी कामांचे एक प्रमुख अंग झाले. परंतु खोल काळ्या जमिनीत बांधामागे पाणी तुंबून पीक कुजते आणि उन्हाळ्यातील भेगांमुळे बांध फुटतात, असा अनुभव आला. उथळ जमिनीत हितकर ठरलेला उपाय सर्वत्र सरसकट लावल्याचा हा परिणाम होता. अतिरिक्त पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध त्यानंतर सुचविले गेले.

याउलट मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण शेतकऱ्यांनी सहज स्वीकारले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्याचे कारण उघड आहे. त्यास अधिक बैल लागत नव्हते, सामायिक बांध लागत नव्हता. त्याची भाकरी रुचत होती, आणि उत्तम कडबा मिळत असल्याने घरचे बैल जगत होते. संशोधकास जे दुय्यम उत्पन्न वाटे, तेच शेतकऱ्याच्या दृष्टीने पुढील वर्षाच्या नांगरटीचे भांडवल होते.

१९७० साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू संशोधन योजनेने सोलापूर केंद्राचे कार्य पुढे चालविले. १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड पुन्हा सिद्ध केली. मुंबई पद्धतीने जमिनीतील ओलीचे शास्त्र अचूक ओळखले, हे तिचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. तिची मर्यादा एवढीच की ओल टिकविण्याचा खर्च कोणी आणि कशाच्या आधारावर सोसावयाचा, हा प्रश्न तिने प्रयोगक्षेत्राच्या कुंपणाबाहेर ठेवला. कोरडवाहू शेतीच्या सुधारणेचा इतिहास लिहिताना तो प्रश्न कुंपणाच्या आत घेणे अगत्याचे आहे.