देह एक, मर्यादा अनेक

मनुष्यदेह सर्वत्र सारखाच आहे. मग त्याने किती रेडिओलहरी सोसाव्यात ह्याची मर्यादा देशोदेशी निराळी का? ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. उरलेले अर्धे इतिहासात शोधावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाबरोबर रडार आले, आणि त्याच्याजवळ वावरणाऱ्या माणसांच्या प्रकृतीची चिंताही आली. १९६६ साली अमेरिकेने चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट ही मर्यादा मानली. सोव्हिएत रशियाने १९५८ सालीच कामगारांसाठी १० मायक्रोवॅट ठरविले होते, म्हणजे हजारपट कमी! गणित दोघांनाही येत होते. पण लहरींच्या उष्णतेने शरीराला इजा केव्हा होते, हे अमेरिकनांनी पाहिले. डोकेदुखी, थकवा अशा तक्रारीही रशियनांनी जमेस धरल्या. प्रश्नच निराळे, तेव्हा उत्तरेही निराळी.

पुढे मोबाइल कानाशी आला. शरीर किती लहरी शोषते, हे आता मोजू लागले. अमेरिकेने १९९६ साली किलोला १.६ वॅट ही मर्यादा घातली, तीही केवळ एक ग्रॅम मांसपेशींच्या सरासरीवर. युरोपीय संघाने १९९९ साली २ वॅटची शिफारस केली, परंतु दहा ग्रॅमांच्या सरासरीवर. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो. तथापि जिल्ह्याच्या सरासरी पावसात एका गावावरची ढगफुटी लपते, तसा दहा ग्रॅमांच्या सरासरीत एखादा तापलेला कण लपू शकतो.

आपल्या देशाने २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारले. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ह्या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ ह्या वर्गात घातल्या. पुरावा मर्यादित होता, पण दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने मोबाइलसाठी अमेरिकेचे प्रमाण घेतले, आणि मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या दहाव्या हिश्शावर आणली. बेल्जियमने २०१४ साली सात वर्षांखालील मुलांसाठी बनविलेल्या मोबाइलांची विक्रीच थांबविली.

ह्यावरून आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे की, मर्यादा म्हणजे विष आणि अमृत ह्यांमधील रेषा नव्हे. शास्त्र मोजमाप देते. सावधपणा किती बाळगायचा हे समाज ठरवितो. म्हणून गच्चीवरील मनोऱ्याला भिऊन हाकाटी करणे जितके व्यर्थ, तितकेच ‘सरकारी आकडा आहे’ म्हणून गप्प बसणेही. तो आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारणे नागरिकाचे काम आहे.