ओव्हरड्राइव्ह खरेच बेभरवशाचा होता का?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार झालेल्या गाड्यांचे गियर तिथल्या वळणावळणाच्या, चढउताराच्या रस्त्यांसाठी बसवलेले होते. लांब सरळ रस्ता लागला की वरच्या गियरमध्येसुद्धा इंजिन धापा टाकू लागे आणि निर्यातीवर जगणाऱ्या तिथल्या कारखान्यांना तर गाड्या अमेरिकेतही खपवायच्या होत्या. या अडचणीवर कॅप्टन एडगर डी नॉर्मनव्हिल या अभियंत्याने काढलेला तोडगा शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने बाजारात आणला. मूळच्या गियरबॉक्सला हात न लावता त्याच्या पाठीला एक यंत्र जोडायचे आणि डॅशबोर्डवरचे बटण दाबले, की क्लच न दाबता इंजिनाचे फेरे साधारण पाचव्या हिश्शाने उतरवायचे. १९५० च्या सुमारास स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये हे यंत्र, म्हणजेच ओव्हरड्राइव्ह, मिळू लागले. पुढे ट्रायम्फच्या टीआर मालिकेत, ऑस्टिन-हीलीत, जॅग्वारमध्ये, एमजीबीत आणि व्होल्व्होतही ते आले. इतका पसारा असूनही गॅरेजांमध्ये त्याचे नाव ‘लहरी’ म्हणूनच पडले. ही बदनामी मला अन्यायाची वाटते. यंत्राचे दोष होते, पण बहुतेक वेळा ते गियरांमध्ये नव्हते. आणि मेकॅनिक मात्र आधी गियरच खोलायला धावत.

हे पटायला आतली रचना पाहावी लागते. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके आणि त्या सगळ्यांना वेढणारे आतून दात असलेले कडे. नेहमीच्या चालीत स्प्रिंगांच्या जोरावर, मधल्या चाकाला जोडलेला शंकूच्या आकाराचा कोन क्लच त्या कड्याला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे सगळा संच एकजीव होऊन फिरतो. बटण दाबले की सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, ऑइलचा दाब दोन पिस्टनांवर येतो आणि तोच कोन कड्यापासून सुटून पुढे सरकतो आणि ब्रेक-रिंगवर दाबला जातो. मधले चाक जागच्या जागी थांबते आणि बाहेरचे कडे गियरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टपेक्षा जलद फिरू लागते. हा दाब दर चौरस इंचाला चारशे-पाचशे पौंडांच्या घरात असतो आणि तो तयार करतो गाडीच्याच शाफ्टवर चालणारा एक छोटा पंप. म्हणजे गियरांचे दात सतत एकमेकांत गुंतलेलेच असतात, त्यांना कोणी ठोकत नाही की ओढत नाही. निर्णय घेणारे भाग आहेत ते वीज, ऑइल आणि व्हॉल्व्ह.

जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांतला तपासाचा क्रमही याच दिशेचा आहे. ओव्हरड्राइव्ह लागत नसेल तर आधी ऑइलची पातळी, मग वायर आणि स्विच, मग सोलेनॉइडला व्हॉल्व्हशी जोडणारा दांडा, मग व्हॉल्व्ह आणि फिल्टर. यंत्र उतरवण्याची पाळी सगळ्यांत शेवटी. कंपनीने ही तपासणी बाहेरून होईल अशी सोयही ठेवली होती. यंत्राच्या ‘ए’ आणि ‘डी’ या प्रकारांत दांड्याला एक भोक आहे. सोलेनॉइड ओढलेल्या स्थितीत त्यातून ३/१६ इंचाची सळई कवचातल्या भोकात गेली, तर जोडणी बरोबर. वरचे झाकण काढले की व्हॉल्व्हचा गोळा १/३२ इंच उचलला जातो का, हेही दिसते. याउलट ओव्हरड्राइव्ह लागला आणि सुटेनासा झाला, तर व्हॉल्व्हमधले ऑइल बाहेर जाण्याचे बारीक भोक कचऱ्याने बुजलेले असण्याचा संभव मोठा. तो व्हॉल्व्ह बाहेर काढून साफ करणे हे तासाभराचे काम. एमजीबीत मात्र यंत्र उतरवायचे तर इंजिन आणि गियरबॉक्स दोन्ही बाहेर काढावी लागतात. तपासाचा क्रम चुकला तर मालकाला काय भुर्दंड पडत असेल, ते यावरून कळते.

यावर कोणी म्हणेल, इंचाच्या इतक्या सूक्ष्म भागावर अवलंबून असलेली रचना हाच मुळात दोष नाही का? काही अंशी आहेच. जुन्या सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असत: ओढण्यासाठी पंधरा-वीस अँपिअर घेणारे एक आणि धरून ठेवण्यासाठी साधारण एक अँपिअर घेणारे दुसरे. दांडा थोडा जरी चुकला तरी पहिले वेटोळे बंदच होत नसे आणि काही वेळात जळून जाई. नवा सोलेनॉइड बसवून दांडा तसाच ठेवला की तोही जळे. ‘लहरी’ हा शिक्का बसला तो बहुधा अशा फेऱ्यांतून. पण कंपनीने पुढे काय बदलले ते पाहा. १९६७ नंतर एमजीबीत आलेल्या ‘एलएच’ आणि १९७३ मध्ये टीआर-६ ला मिळालेल्या ‘जे’ प्रकारांत बाहेरचा दांडा गेला, दोन वेटोळी गेली आणि कमी वीज घेणारा सोलेनॉइड थेट व्हॉल्व्हवर बसला. ग्रहचाके आणि कोन क्लच यांचे मूळ तत्त्व मात्र तसेच राहिले. कमकुवत जागा कोणती होती, याची कंपनीनेच दिलेली ही साक्ष मला सगळ्यांत वजनदार वाटते. दुसरी गोष्ट जबाबदारीची. यंत्र लेकॉकचे, स्विच, वायरिंग आणि ओव्हरड्राइव्हला फक्त वरच्याच गियरांत परवानगी देणारा गियरबॉक्सवरचा अडथळा-स्विच हे मोटार कारखान्याच्या गाडीचे भाग. बिघाड या सांध्यांवर होई आणि दोष जाई यंत्राच्या नावावर.

खरे यांत्रिक बिघाडही होत, हे नाकारता येत नाही. कोनाचे अस्तर झिजे, पंप थके, पुढे जाताना जोर वाहून नेणारा एकदिशा रोलर-क्लच फुटे. पण यांतलेही बरेच बिघाड मूळचे नव्हते. बहुतेक गाड्यांत गियरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकाच ऑइलवर चालतात. ते कमी पडले की पंप हवा ओढतो, दाब उतरतो आणि कोन घसरू लागतो. घर्षण कमी करणारी रसायने ऑइलमध्ये घालू नयेत, असे पुस्तिका बजावत, कारण कोनाला पकड हवी असते. रोलर-क्लचचा घात होतो तो यंत्र अडकलेले असताना रिव्हर्स टाकल्यावर: कोनाने मधले चाक धरून ठेवलेले असते, सगळा संच उलट फिरू पाहतो आणि रोलर जखडतात. म्हणजे बारीक भोकातला कचरा वेळेवर न काढल्याने शेवटी संपूर्ण यंत्र खोलण्याची वेळ येते.

आणखी एक आक्षेप असा, की पाच गियरच्या पेट्या आल्यावर ओव्हरड्राइव्ह मागे पडला, म्हणजे तो कमअस्सलच होता. तो मागे पडण्याचे कारण मुख्यतः खर्च आणि जागा. चार गियरच्या पेटीमागे आणखी एक यंत्र लावण्यापेक्षा एकाच पेटीत पाचवा गियर बसवणे स्वस्त पडते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर त्यासाठी जागाच नसते. एमजीबीने मात्र १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ओव्हरड्राइव्ह सोडला नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी मेकॅनिकला पेटी उतरवू देण्याआधी ऑइलची पातळी, सोलेनॉइडपर्यंत येणारी वीज आणि व्हॉल्व्हची उचल या तीन गोष्टी समोर उभे राहून तपासून घ्याव्यात. आणि ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल, तर तो मोकळा होईपर्यंत रिव्हर्स गियर अजिबात टाकू नये. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागे ढकलूही नये, कारण तेव्हाही चाकांमुळे संच उलटाच फिरू पाहतो.