मुलाची पापणी पडलेली आहे? ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणू नका

जन्मापासून एका डोळ्याची पापणी खाली असली की घरचे म्हणतात, आजोबांवर गेलाय, लग्नाच्या वेळी बघू. पण प्रश्न दिसण्याचा नाही, नजरेचा आहे.

पापणी उचलणारा स्नायू जन्मतः कमजोर असतो. पापणीने डोळ्याची बाहुली झाकली तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. ही नजर साधारण ७-८ वर्षांपर्यंतच घडते. नंतर पापणी उचलली तरी गेलेली नजर सहसा पूर्ण परत येत नाही. मूल हनुवटी वर करून बघत असेल तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बाहुली मोकळी असेल तर ऑपरेशनसाठी ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबता येतं, तपासणी मात्र चालू ठेवावी लागते.

स्नायूत थोडी ताकद असेल तर तोच आखूड करतात. अगदीच नसेल तर सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतल्या पट्टीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. नंतर काही काळ झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, म्हणून मलम चुकवू नये. काहींना चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टीही लागते.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल दाखवा.

आणि एक वेगळी गोष्ट. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या सकाळी अचानक दोन्ही पापण्या पडल्या, तर मण्यार चावल्याची शक्यता धरा. खूण दिसतेच असं नाही. तिथे ऑपरेशन नाही, तडक सरकारी दवाखाना.