'आझाद हैदराबाद' : कुणाची आझादी?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही गंगाखेडच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना घेऊन झेंडावंदनाला उभे राहतो. इतिहास शिकवत असल्याने चार शब्द बोलण्याची जबाबदारी आमच्यावरच येते. एका वर्षी भाषण संपल्यावर आठवीतल्या एका मुलाने हळूच विचारले, "सर, तब अपन किसकी तरफ थे?" त्या वेळी आम्ही गोलमाल उत्तर देऊन त्याला वर्गात पाठवले. ते उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम 'आझाद हैदराबाद'ची बाजू मांडू, कारण ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिशांची अधिसत्ता संपली. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून आपण कोणत्याही संविधान सभेत सामील होणार नसल्याचे जाहीर केले. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल होते आणि १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. हाली सिक्का स्वतःचा, टपाल स्वतःचे, रेल्वे स्वतःची. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तर उच्च शिक्षण उर्दूतून देत होते. याहून कितीतरी लहान देश आज संयुक्त राष्ट्रसंघात बसतात. लहान राष्ट्रांनी मोठ्यांच्या सावलीतून बाहेर पडावे, असे जगभरचे पुरोगामी म्हणत आले आहेत. मग हैदराबादने काय पाप केले होते?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे हैदराबादबाहेर पाहू. पूर्व तिमोर हा बहुसंख्य कॅथलिक लोकांचा छोटा देश. १९७५ मध्ये इंडोनेशियाने तो सैन्याच्या बळावर घेतला. ३० ऑगस्ट १९९९ रोजी तेथील लोकांना विचारले गेले, तेव्हा ७८ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली आणि २००२ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. इंडोनेशिया हा सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश म्हणून आम्ही त्याच्या बाजूने उभे राहायचे काय? १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या मुसलमानांनी निवडणुकीत दिलेला कौल पाकिस्तानच्या मुसलमान सेनापतींनी तुडवला. तेथेही धर्म हा न्यायाचा मापदंड ठरू शकला नाही. दोन्हीकडे कसोटी एकच होती. स्वातंत्र्य मागत कोण होते? राजा की रयत?

ही कसोटी हैदराबादला लावली की चित्र बदलते. संस्थानात हिंदू सुमारे ८५ टक्के होते, तरी नियोजित विधिमंडळात हिंदू व मुसलमानांना समान जागा दिलेल्या होत्या. १९३८ मध्ये स्थापन होतानाच स्टेट काँग्रेसवर बंदी आली. जमिनीचा मोठा हिस्सा जहागिरी आणि निजामाच्या सर्फेखासमध्ये अडकला होता आणि खेड्यांत वेठबिगारी चालू होती. इत्तेहादुल मुस्लिमीनने 'अनल मलिक'चा विचार पसरवला. हैदराबादचा प्रत्येक मुसलमान राज्यकर्ता आहे, असा त्याचा अर्थ. पण आमच्या गोदाकाठचा मुसलमान मजूर, विणकर, टांगेवाला कसला राज्यकर्ता होता? त्याच्या हाती ना जमीन होती ना मताचा हक्क.

आम्ही उर्दूतून शिकलो आणि उर्दूतूनच शिकवतो. उस्मानियाचा आम्हाला अभिमान आहे. पण मुलाने आपल्या भाषेत शिकावे, हे तत्त्व खरे असेल तर ते जनाबाईच्या या गावातल्या मराठी मुलालाही लागू होते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी बहुसंख्य रयत असताना माध्यमिक शाळेपासून पुढे उर्दूच चालावी, यात न्याय नव्हता.

हे आम्ही आज शहाणपणाने सांगत आहोत असे नाही. त्या वेळच्या मुसलमानांनीही ते सांगितले होते. तरक्कीपसंद शायर मखदूम मोहिउद्दीन जहागीरदारीविरुद्ध कष्टकऱ्यांच्या लढ्यात उतरले. फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या निषेधार्थ सरकारी नोकरी सोडली. १९४८ मध्ये त्यांच्यासह काही प्रतिष्ठित मुसलमानांनी भारतात सामील व्हावे असे पत्रक काढले. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांनी ते छापले. त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांना ठार मारण्यात आले. लिहिणारा हात तोडण्यात आला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांनी हिंदू खेड्यांवर केलेले अत्याचार आम्ही झाकणार नाही. पण त्यानंतर काय झाले, तेही झाकू नये. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात फिरून किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवले, हेही समितीने नोंदवले. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आमचे दादा तेव्हा बारा वर्षांचे होते. 'पुलिस ॲक्शन' एवढे दोन शब्द बोलून ते गप्प होत.

आणि ज्यांच्या नावाने हे सारे घडले त्यांचे काय झाले? निजाम १९५० मध्ये त्याच हैदराबादचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. लातूरचे वकील, रझाकारांचे नेते कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले. किंमत मोजली ती खेड्यातल्या गरिबाने. ना त्याला तख्ताने विचारले होते, ना सैन्य पाठवणाऱ्यांनी. प्रौढ मताधिकाराने त्याला प्रथम विचारले गेले ते १९५२ च्या निवडणुकीत.

लहान राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा हक्क आम्ही मानतो. पण तो हक्क लोकांचा असतो, मुकुटाचा नसतो. रयतेला मत, कुळाला जमीन आणि मुलाला त्याची भाषा देणारे हैदराबाद असते आणि त्या लोकांनी आझादी मागितली असती, तर तिचा विचार करावा लागला असता. तसे हैदराबाद नव्हते.

त्या मुलाला आता आम्ही सांगतो, "बेटा, अपन सब एक तरफ नहीं थे. कोई रझाकारों में था, कोई शोएबुल्लाह खान के साथ, और बहुत सारे तो बस मारे गए. अब किसकी तरफ रहना, यह तू तय कर." झेंड्याखाली उभे राहताना त्याची मान खाली जाण्याचे काही कारण नाही. शोएबुल्लाह खानही त्याच्याच भाषेत लिहीत होते.